हिरवी टू-सीटर आणि आत्याचा डावा पाय

गाडी विकायला काढलीय हे आत्याला कळलं ते दादाच्या आवाजावरून.

दादाला आवाज दोन. एक घरातला, पातळ आणि जरासा नाकातला, "माझा चष्मा कुणी हलवला?" असं विचारणारा. दुसरा खास गाडीसाठी राखून ठेवलेला: पोटातून काढलेला, जाडजूड, शब्दाशब्दाला इस्त्री मारलेला. त्या सकाळी फोनवर हा दुसरा आवाज लागला होता.

"ब्रिटिश बनावट. अस्सल स्पोर्ट्स कार. गडद हिरवा रंग, दोन सीट, तारांची चाकं. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात पहिला नंबर. हो, पहि-ला. मालकानं स्वतः उभी केलेली, स्वतः जपलेली."

आत्या दारात फडक्याला हात पुसत उभी होती. दादानं फोन खाली ठेवेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "मालक म्हणजे कोण रे, दादा?"

"अगं, जाहिरातीत असंच बोलायचं असतं," दादा झटक्यात नाकातल्या आवाजावर आला. "आता 'बहिणीनं केलीय' म्हटलं तर लोकांना वाटेल, स्वेटर विकायला काढलाय."

आत्या ही दादाची धाकटी बहीण. दादाची मुलं तिला आत्या म्हणायची म्हणून अख्खी गल्ली तिला आत्या म्हणू लागली. मुलं मोठी होऊन लांब निघून गेली, आत्या हे नाव मागे राहिलं. तिचा जन्म गेला दातांच्या लॅबमध्ये. डॉक्टरांनी तोंडाचा साचा पाठवायचा आणि आत्यानं त्यावर कवळी घडवायची. मेण, प्लास्टर, कानस, पॉलिश. आसपासची निम्मी म्हातारी मंडळी तिच्या दातांनी हसायची. रस्त्यात कुणी भेटलं की ती आधी तोंडात बघे आणि मग डोळ्यांत. "वरचा सेट जरा उंच बसलाय. या एकदा, घासून देते," असं भर दुकानात म्हणे, आणि समोरचा माणूस ओठ घट्ट मिटून काढता पाय घेई.

ती लॅब बंद पडली, आणि त्याच सुमाराला दादानं गाडी आणली. आणली कसली, भंगारवाल्याकडून दोरी लावून ओढत आणली. आत सीट नव्हत्या, कोंबड्यांची पिसं होती. जमिनीतून वर आलेलं एक झुडूप ब्रेकच्या पॅडलला मिठी मारून बसलं होतं.

"बघ, बघ कशी बघतेय आपल्याकडे!" दादा तिच्या गोल दिव्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"एकाच डोळ्यानं बघतेय," वहिनी म्हणाली. वहिनी दादाची बायको आणि घरातली एकमेव व्यक्ती, जिला गाडीत काडीचाही रस नव्हता. "दुसरा कुठे पाडला?"

दादाचा उत्साह पहिला गंजलेला नट फिरेनासा होईपर्यंत टिकला. त्यानं दात-ओठ खाऊन पान्हा ओढला, पान्हा निसटला, बोट ठेचलं. मग तो घरात गेला आणि जवळजवळ वर्षभर फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांना शेडचं दार उघडून दाखवण्यापुरता बाहेर आला. नट आत्यानं सोडवला. त्याच्यावर तेल घातलं, वाट बघितली, हलकेच ठोकलं, पुन्हा तेल, पुन्हा वाट. अडकलेली कवळी साच्यातून सोडवायची तिची हीच रीत होती. नट सुटल्यावर ती दुसऱ्या नटाकडे वळली, आणि मग शेवटच्या नटापर्यंत थांबलीच नाही.

डॅशबोर्डची बटणं फुटली होती. तिनं ती कवळीच्या मटेरियलमधून ओतली. रंगाखालचा उंचवटा नखानं शोधला. गिअरबॉक्स उघडला तेव्हा तर तिला माहेरी आल्यासारखं वाटलं. "वहिनी, इथेपण दातच!" असं ती शेडमधून ओरडली होती. वहिनीनं आतून "कवळी नाही ना बसवायची?" एवढंच विचारलं. गिअरच्या मुठीला नेमका कुठला पांढरा द्यायचा, यावर मात्र आत्याचं काही दिवस डोकं चाललं. दातांच्या रंगांचा जुना तक्ता घेऊन ती शेडच्या दारात उजेडाकडे धरून बसायची. "कोरा पांढरा नको, खोटा दिसतो. चहा पिणाऱ्या माणसाचा घेऊ. पण साखर कमी घालणाऱ्या."

अशी ती गाडी उभी राहिली. आणि उभीच राहिली, कारण प्रदर्शनाला ती गेली लॉरीवरून, गोधड्यांत गुंडाळून, चाकांना चिखल नको म्हणून. तिथे दादा चौकड्यांची टोपी घालून उभा. परीक्षकांनी बॅटऱ्या लावून गाडीचं पोट बघितलं, आरशानं मागचं बघितलं. दादाचं चालूच, "आम्ही हे मुद्दाम असं ठेवलं. आमचा आग्रह होता." आत्या मागच्या बाजूला फडक्यानं तारा पुसत होती. पहिला नंबर जाहीर झाला, दादानं करंडक डोक्यावर धरला, आणि गाडी गोधड्या पांघरून लॉरीवरून घरी आली.

गाडी चालवण्याच्या नावानं दादा तिला शेडमधून फाटकाजवळच्या लॉरीपर्यंत न्यायचा, तेवढंच. त्यातही गाडी इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे बादलीत बसल्यासारखं, आणि दादाचे गुडघे आता बादलीच्या वयाचे राहिले नव्हते. म्हणून जाहिरात.

"वीक," आत्या म्हणाली. दादा चपापला. त्याला वाटलं होतं, ही रडेल, रुसेल. "माझं यात काही काम उरलेलं नाही. जी वस्तू पूर्ण झाली ती डब्यात घालून डॉक्टरांकडे धाडायची, घरात ठेवायची नाही. पण एक ऐक. ती फाटकाबाहेर जाईल तेव्हा मी चालवत नेणार. लॉरी नाही, गोधड्या नाहीत, आणि तूही नाहीस."

"तुला गाडी चालवता येत नाही, बाई."

"येईल."

"या वयात?"

"क्लचची प्लेट मी या बोटांनी बसवलीय. ती पायाला कशी लागते ते मला माहीत नाही. हे काय बरोबर आहे का?"

"बरं बरं," तो म्हणाला, कारण गिऱ्हाईक यायला वेळ होता आणि आत्याचं खूळ तोवर उतरेल असा त्याचा हिशेब होता. आत्याची खुळं उतरत नाहीत हे त्याला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली.

शिकवणाऱ्या सरांना प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायची सवय होती, आणि तिसऱ्यांदा सांगेपर्यंत त्यांचा आवाज वरच्या पट्टीत गेलेला असे. "हळू, हळू, हळूऽऽ! सोडा, सोडा, अहो कुठे सोडताय! छान, छान, छान, मॅडम, मागे ट्रक आहे!" स्कूलची गाडी सगळ्या स्कूलांच्या गाड्यांसारखी: शिकणाऱ्यापुढे पॅडलं, आणि सरांच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच. आत्या स्टिअरिंग धरून बसे, सर शेजारी मोबाइल बघत बसत, आणि गाडी लोण्यासारखी चाले. उतार, चढ, चौक, कुठे म्हणून आचका नाही. "मॅडम, तुमचा पाय जन्मजात आहे," सर म्हणाले. "जन्मजात, जन्मजात!" परीक्षेच्या दिवशीही सर शेजारी होतेच. आत्यानं एक चक्कर मारली आणि लायसन्स हातात पडलं.

तिनं ते घरी दादाच्या ताटाशेजारी ठेवलं, पाण्याच्या भांड्याला टेकवून. फोटोत तिचे दात दिसत होते. दादानं घास गिळला. वहिनी म्हणाली, "वन्सं, फोटो छान आलाय. यांच्या लायसन्सवर हे चोरासारखे दिसतात."

त्या दुपारी आत्या हिरव्या गाडीत बसली. किल्ली फिरवली. मागून पेट्रोलचा पंप बोलू लागला, टक टक टक टक, आधी घाईनं, मग दमल्यासारखा, टक... टक... आणि थांबला. आता चोक. आता स्टार्टरची मूठ ओढायची. खुर्र, खुर्र, भड! भडभडभडभड. शेडमधले डबे थरथरले. इथवरचं सगळं तिला पाठ होतं. तिनं पहिला गिअर टाकला, डावा पाय उचलला.

गाडीनं बेडकासारखी एक उडी मारली आणि बंद पडली.

पुन्हा. उडी, बंद. पुन्हा. बंद. तिनं खाली उतरून क्लच तपासला, तार तपासली, बॉनेट उघडून निष्कारण आत बघितलं. सगळं ठीक होतं. गाडीत काहीच खोट नव्हती. मग खोट कुठे होती? ती सीटवर बसून आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिली, आणि तिला स्कूलच्या गाडीतले सरांचे बूट आठवले. मोबाइल बघताना सरांची मान हलत नसे, पण बूट हलायचे. सारखे हलायचे.

ती उठली ती चप्पल घालून थेट स्कूलमध्ये गेली.

"सर, क्लच तुम्ही दाबत होतात."

"अं? थोडा, थोडा, थोडासा आधार—"

"आणि ब्रेक?"

सरांनी मोबाइल खिशात ठेवला. "सगळ्यांनाच द्यावा लागतो हो, मॅडम. नाहीतर गाडी राहील का? मी राहीन का?"

"मी चालवलीच नाही, सर. मी नुसतं स्टिअरिंग धरून तुमच्याबरोबर फिरायला आले होते." आत्याचा आवाज चढला नव्हता. कवळी परत घासायला आणणाऱ्याशी ती अशीच बोलायची. "पुन्हा शिकवा. पहिल्यापासून."

"शिकवतो की. चला, बसा."

आत्या बसली. सर शेजारी बसले. आत्यानं त्यांच्या पायांकडे बघितलं. "सर, मांडी घाला."

"काय?"

"सीटवर. मांडी घालून बसा."

असं आजवर त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी आधी हसून बघितलं, मग न हसून बघितलं, आणि शेवटी बूट काढून, पॅन्टचा काठ वर ओढून, ते सीटवर मांडी घालून बसले, साधनेला बसल्यासारखे. गाडी सुरू झाली आणि साधना संपली. पहिल्या उडीला त्यांचं डोकं छताला लागलं. दुसऱ्या उडीला त्यांनी दाराची मूठ धरली. चौकात ती मधोमध बंद पडली आणि चारही बाजूंनी हॉर्नचा कल्लोळ उठला, तेव्हा सरांचा उजवा पाय मांडीतून सुटून खाली निघाला.

"पाय वर!" आत्या ओरडली.

"मॅडम, बस आहे, बस आहे, बस!"

"दिसतेय मला बस. पाय वर घ्या!"

पाय वर गेला. बस थांबली. बसच्या चालकानं खिडकीतून डोकं काढून शेलके शब्द ऐकवले आणि मांडी घातलेले सर दिसल्यावर मधेच गप्प झाला.

हे रोज चाललं. सकाळी आत्या, स्कूलची गाडी आणि मांडी घातलेले सर. गल्लीतले लोक गच्चीत उभे राहून बघायचे. सरांची मॅडम हळूहळू आत्या झाली, कारण ज्या माणसापुढे रोज जीव मुठीत धरून बसायचं त्याला परक्यासारखं काय म्हणायचं! आत्याच्या पायाला मात्र काही कळू लागलं. पाय उचलता उचलता एक जागा येते, जिथे गाडी श्वास घेते. तिच्या आधी काही नाही, पुढे गेलं की उडी. बरोबर तिथे पाय धरायचा. वरचा आणि खालचा दात नुसते टेकतात, चावत नाहीत, तशी ती जागा होती. ती तिला बोटांनी माहीत होती. आता पायाला माहीत झाली. एके दिवशी सर मांडी घातल्या घातल्या पेंगले, तेव्हा तिला समजलं की आपल्याला येतंय.

आणि मग गिऱ्हाईक ठरलं. मोठ्या घड्याळांच्या दुकानाचा मालक, रविवारी येणार, गाडी चालवून बघणार, आवडली तर लगेच घेऊन जाणार. लॉरी सोबतच आणणार.

"चालवून मी दाखवतो," दादा पोटातल्या आवाजात म्हणाला. "पहिली छाप महत्त्वाची. मग तू कर काय करायचं ते."

"मग लॉरी घेऊन जाईल. मी काय करणार?"

दादानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि शनिवारी तो गिऱ्हाइकापुढे गाडीतून ऐटीत कसं उतरायचं याचा सराव करायला शेडमध्ये गेला. एक पाय बाहेर, टोपी सावरत वळायचं, हसायचं, उठायचं. वळण्यापर्यंत छान झालं. हसण्यावर कंबर धरली. "अगं! अगं! अगंऽऽ!" ह्यात पोटातलाही आवाज होता आणि नाकातलाही. आत्यानं आणि वहिनीनं मिळून त्याला कसंबसं बाहेर उपसलं आणि पलंगावर उताणा टाकला.

"एखादा ड्रायव्हर बोलवा," दादा छताला सांगू लागला. "ती फाटकाजवळची चढण... हिला नाही जमायचं. घड्याळवाल्यासमोर फजिती होईल. वर्षानुवर्षांची मेहनत..."

"कुणाची?" वहिनीनं विचारलं आणि गरम पाण्याची पिशवी जरा जोरातच ठेवली.

आत्यानं दादाकडे बघितलं. तिला राग आला नव्हता. "जमलं नाही तर बोलव ड्रायव्हर," ती म्हणाली. "पण आधी मी."

घड्याळवाला आला. हडकुळा, उंच, आणि बोलणं जेमतेम एका अक्षराचं. गाडीला फेरी मारली, "हं." बॉनेटखाली बघितलं, "हंऽ." गिअरच्या मुठीवरून अंगठा फिरवला, "हं?"

"चहा पिणाऱ्याचा रंग आहे," आत्या म्हणाली.

"हं!" तो पहिल्यांदा हसला. त्याचे पुढचे दोन दात खोटे होते आणि चांगले बसवलेले होते, हे आत्यानं लगेच टिपलं. "चालवणार कोण?"

"मी."

फाटकाबाहेर लॉरी उभी होती, फळ्या टाकून तयार. तिच्या मागे स्कूलची गाडी, आणि गाडीबाहेर सर, हाताची घडी घालून, आत्याचा निकाल बघायला आलेले. खिडकीच्या गजांतून उताण्या दादाचा आवाज येत होता, "क्लच! क्लच हळू सोडायला सांगा तिला!"

घड्याळवाला शेजारी बसला. गुडघे त्याच्या हनुवटीशी आले. टक टक टक... टक. खुर्र. भडभडभड. शेडमधून चढणीवर गाडी आली आणि आत्यानं हातब्रेक ओढून धरून ती थांबवली, कारण लॉरीवाला आडवा आला होता. तो बाजूला झाला. आत्यानं हातब्रेकचं बटण दाबलं.

गाडी हललीच नाही. घुसमटली आणि बंद पडली.

"बघा!" खिडकीतून आवाज आला. "सांगितलं होतं मी!"

"हं," घड्याळवाला म्हणाला, आणि त्या हंमध्ये लॉरीच्या फळ्या वाजल्या.

पाय चुकला नव्हता. मग? तिनं हाताकडे बघितलं, आणि स्वतःवरच चरफडली. स्कूलच्या गाडीत बटण दाबलं की हातब्रेक सुटतो. हिच्यात उलटं. हिच्यात बटण दाबलं की ब्रेक अडकतो, आणि नुसता मागे ओढला की सुटतो. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो ब्रेक तिनंच जोडला होता. पण हाताला सरांची सवय लागली होती.

"पाय नाही, हात," ती पुटपुटली.

"अं?" घड्याळवाल्याचं अक्षर बदललं.

"काही नाही. घट्ट बसा."

खुर्र. भड. चढणीवर गाडी मागे घसरायची वाट बघत होती. आत्यानं पाय उचलला, ती जागा आली, वरचा-खालचा दात टेकला, गाडीनं श्वास घेतला. हातब्रेक ओढला, बटणाला न शिवता. गाडी सुटली. चढ चढली, फाटक आलं, फाटक मागे गेलं, आणि लॉरीच्या फळ्यांजवळून हिरवी टू-सीटर रस्त्यावर वळली.

"गेली! गेली! गेलीऽ!" सर ओरडले.

"कुठे गेली?" खिडकीतून दादा. "कोणी सांगेल का मला?"

गाडी गल्लीच्या टोकाला आली. दुसरा गिअर पडला तेव्हा मुठीतून बारीक थरथर तिच्या तळहातात आली, दात दाताला अलगद भिडल्याची. ह्यासाठी, तिच्या मनात आलं. बाकी काही मनात आलं नाही. पुढे सिग्नल होता.

"चालते!" घड्याळवाला वाऱ्यात ओरडला. हे त्याचं त्या दिवशीचं दुसरं पूर्ण वाक्य.

"म्हणजे काय? गाडी आहे ती," आत्या ओरडली. "घेताय?"

"घेतो!"

"मग लॉरी घरी पाठवा. तुमच्या दारात मी लावून देते."

त्यानं "हं" म्हटलं. मग ब्रेक लागला, तसा त्याचा पाय समोरच्या फळीवर जोरात दाबला गेला, जिथे पॅडल नव्हतं. आत्यानं ते बघितलं आणि त्याला काहीच म्हटलं नाही.

त्याच्या दारात तिनं गाडी लावली, हातब्रेकचं उलटं बटण त्याला दोनदा समजावलं, किल्ली दिली, आणि गिअरच्या मुठीला बोट लागलं होतं ते पदरानं पुसलं. मग वळून रस्त्यावर आली. मागोमाग आलेले सर स्कूलची गाडी घेऊन थांबले होते.

"बसा आत्या, सोडतो घरी. आज मी चालवतो. बसा, बसा, बसा."

आत्या शेजारच्या सीटवर बसली. गाडी निघाली. पहिल्याच वळणावर सरांनी क्लच जरा घाईनं सोडला आणि आत्याचा डावा पाय आपोआप खाली गेला. तिच्या पायाखाली इथे खरंच पॅडल होतं. गाडी लोण्यासारखी वळली.

"आत्या," सर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "मांडी घाला."

"आधी क्लच नीट सोडा," आत्या म्हणाली. "आणि जाता जाता भंगारवाल्याकडे थांबवा. शेड रिकामी पडलीय."